भोंगा वाजला की आत

पारादीप, ओडिशा
१४ जानेवारी २०२५

स्वातीताईस विनूचा नमस्कार.

पत्र बघून हसू नको. आठवीत मराठीचा पेपर कोरा ठेवून आलेला तुझा भाऊ कागद घेऊन बसलाय. करणार काय? फोन तुझा नाय, भावोजींचा हाय. मी लावला की ते उचलणार, स्पीकरवर टाकणार, आणि तू लांबून ओरडणार, "बरी हाय रे, जेवलास काय?" एवढ्यात काय कळतं? म्हणून हे माझ्या वर्गातल्या निमेशच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय. तो तुझ्या हातात देईल, भावोजींच्या नाय.

जामनगर सोडलं. का ते विचारू नको, मुकादमाचं तोंड बघवत नव्हतं. आता पारादीपला शटडाऊनचं काम. म्हणजे मोठा कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवतात आणि आमच्यासारखी बाहेरची पोरं पाइपांभोवती चढायला लोखंडी पहाड, म्हणजे परांची, बांधतात. दुरुस्ती झाली की पहाड सोडायचा, पेटी उचलायची, पुढचं गाव.

आता मुद्द्याचं. निमेश बोलला की तू रोज सकाळी टमटममधनं एमआयडीसीत उतरतेस. डोक्याला फडकं, नखं पिवळी. मी त्याला शिवी दिली. आपल्या पाम गावावरनं शाळेत जाताना त्या नाल्यापाशी नाकाला ओढणी लावून पळायचीस तू, मला मागं टाकून. तीच आता त्या नाल्याच्या उगमाला कामाला? भावोजी तिथं सुपरवायझर झाले ते कळलं होतं, आईनं गावभर सांगितलं. तुझं कुणी सांगितलं नाय.

खरं काय ते लिही. गोड लिहू नको.

विनू


बोईसर
२ फेब्रुवारी २०२५

चि. विनूस अनेक आशीर्वाद.

निमेशच्या तोंडाला कुलूप नाही. हो, दिवाळीपासून जाते. आईला सांगू नकोस, ती पामवरून चालत येईल आणि गेटवर तमाशा करेल. पॅकिंगचं काम आहे. पिवळी पावडर पिशवीत भरायची, शिवायची, रचायची. रंग नखात राहतो, बाकी काही त्रास नाही. आणि हे तिथंच असतात, मग मला कसली भीती? कंत्राटदाराची सगळी माणसं ह्यांच्या हाताखाली आहेत.

तुला एक गंमत सांगते. आम्ही पॅकिंगच्या बायका कंपनीच्या हजेरीवर नाहीच. कागदावर कंपनी छोटी आहे. मग तपासणीचे साहेब आले तर आम्हाला ठेवायचं कुठं? त्यावर कंपनीवाल्यांनी युक्ती काढली आहे. एस्टेटमधल्या पहिल्या कंपनीत साहेबांची गाडी शिरली की तिथला वॉचमन पुढच्या सगळ्या वॉचमनना फोन करतो. आमचा वॉचमन भोंगा दाबतो. भोंगा वाजला की आम्ही हातातलं टाकून मागच्या ड्रमच्या गोदामात पळायचं. हे बाहेरून कुलूप लावतात, म्हणजे साहेबांना बंद गोदाम दिसतं. साहेबांनी विचारलंच की भोंगा कशाचा, तर मॅनेजर सांगतो, "मॉक ड्रिल चालू आहे सर." साहेब खूश होतात आणि तशी नोंदही करतात. मागच्या महिन्यात कंपनीला सुरक्षिततेचं प्रशस्तिपत्र मिळालं, ते ऑफिसात लावलंय.

आम्हाला तेवढीच विश्रांती. वाणगावच्या आतल्या पाड्यावरून भागी मावशी येते, तिच्या कमरेला नेहमी शेंगांची पुरचुंडी. गोदामात बसल्या बसल्या वाटते आणि म्हणते, "सायेब येला म्हंजे आपला इतवार गो बाय. सायबाला रोज धाड रे देवा." आम्ही तोंडात पदर कोंबून हसतो. आवाज बाहेर जाता कामा नये ना.

जेवत जा वेळेवर. आणि हे काम तरी टिकव.

तुझी
ताई


पारादीप
१६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मी पोरांना वाचून दाखवलं. हसवायला म्हणून सुरू केलं आणि अर्ध्यावर घडी घालून खिशात टाकलं.

तू गंमत लिहिलीस. मी विचारतो, कंपनीत भोंगे किती? एकच ना? मग आग लागली, वायू सुटला, तर कुठला भोंगा वाजणार? हाच. आणि हा वाजला की तुमी काय करणार? आत पळणार. ड्रमच्या गोदामात. त्या ड्रमांत काय हाय ते तरी ठाऊक हाय का तुला? आणि बाहेरनं कुलूप! कुलूप लावणारा नवरा! गुरांच्या गोठ्यालापण लोक आडणा लावतात, कुलूप नाय लावत.

इथलं सांगतो. मागल्या आठवड्यात एक तपासणीवाली बाई आली. कुणाला फोन नाय, गाडी नाय, पोरांच्या बसमधनंच उतरली. ऑफिसात गेलीच नाय. आमी चहा पीत होतो तिथं येऊन उभी राहिली आणि मलाच विचारलं, "सायरन बजा तो किधर भागोगे?" मी बोललो, "जिधर सब भागेंगे." ती बोलली, "और सब किधर भागेंगे?" एकानं गेटकडं बोट केलं, दुसऱ्यानं टाकीकडं. बाईनं आमचं काम बंद केलं. एकेकाला पहाडावरनं उतरवून मोकळ्या मैदानापर्यंत चालत नेलं, वारा कुठनं येतो ते बघायला लावलं, परत वर चढवलं, परत उतरवलं. उन्हात. आमी तिला मनातनं इतक्या शिव्या दिल्या की काय सांगू. मुकादम बोलला, पागल औरत हाय. मलापण तेव्हा तसंच वाटलं.

तुझं पत्र आल्यावर कळलं की तपासणी म्हणजे ती. तुमच्याकडं चालते ती लपाछपी. साहेबाला ठाऊक नसेल असं वाटतं तुला? बंद गोदामातनं शेंगांचा वास येत असेल की. त्याला बघायचं नाय, कंपनीला दाखवायचं नाय, आणि मधे कोंडलेल्या तुमी. शिसारी येते मला. साहेबाची येते, मॅनेजरची येते, आणि वाईट वाटून घेऊ नको, भावोजींची सगळ्यात जास्त येते.

काम सोड. सोडत नसशील तर भोंगा वाजला की गेटच्या बाहेर पळ. कोण काय बोलेल ते बोलू दे.

विनू


बोईसर
३ मार्च

विनू,

काम सोड म्हणणं तुला सोपं आहे. तू दुसरं काय केलंस आजवर? मुकादमाचं तोंड आवडलं नाही, सोड. डाळ पातळ होती, सोड. मी सोडून जाऊ कुठं? अंगणवाडीत दोन वर्षं मदतनीस म्हणून राबले, कायमची जागा निघाली तेव्हा घेतली दुसरीच. इथं निदान रोज जायला जागा आहे आणि बोलायला बायका आहेत.

तरी तुझं ऐकून मी यांना विचारलं. जेवताना विचारलं, म्हणजे उठून जाणार नाहीत. म्हणाले, "मला काय हौस आहे का तुला कोंडायची? सायबाला माणसं दिसली तर हजेरी मागेल. हजेरीत एवढी माणसं झाली की डॉक्टर ठेवा, कँटीन ठेवा, पाळणाघर ठेवा. मालक म्हणतो परवडत नाही, माणसंच कमी करतो. मग पहिली तूच जाशील. नियम लिहिणारा कधी इथं पिशवी शिवायला बसलाय का? एक नियम पाळायला गेलं की दुसरा मोडतो. इथं रंगीत बोर्डांच्या रांगा आहेत, कुठला कोणत्या साहेबासाठी ते मॅनेजरलाच माहीत नाही. आजवर एकाही साहेबानं मला विचारलं नाही की तुझी माणसं कुठं आहेत. सगळे बोर्ड बघतात, चहा पितात, जातात."

मी म्हटलं, "आणि खरंच काही झालं तर?"

म्हणाले, "चावी माझ्याच खिशात असते ना?"

त्यांच्या दृष्टीनं ते मला सांभाळतायत, विनू. तुला ते कधीच आवडले नाहीत म्हणून तुला सगळं वाकडं दिसतं. उगाच काही उचापत करू नकोस. तुला माझी शपथ.

ताई


पारादीप
२९ मार्च

ताई,

शपथ मोडली. शिव्या दे, पण आधी वाच.

इथं एक पोरगा हाय, दिग्विजय, बारावी झालेला. त्याच्या फोनवरनं सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. तुझं नाव नाय, भावोजींचं नाय. कंपनीचं नाव, भोंगा, गोदाम, कुलूप, एवढंच. नाव विचारलं तिथं माझं टाकलं. खोटं नाव टाकायचं सुचलंच नाय, आणि सुचलं असतं तरी टाकलं नसतं. मी काय चोर हाय?

पंधरवड्यानं उत्तर आलं. दिग्विजयनं वाचलं: "आपली तक्रार संबंधित आस्थापनेकडे अभिप्रायार्थ पाठविण्यात आली आहे." मी विचारलं, आस्थापना म्हणजे कोण? तो बोलला, कंपनी. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यालाच विचारलं, काय रे, खरं हाय का? आणि काल दुसरं आलं: "आस्थापनेने सर्व नियमांचे पालन होत असल्याचे कळविल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे." मी दिग्विजयला चार वेळा वाचायला लावलं. मला वाटलं खाली अजून काय असेल. खाली फक्त धन्यवाद होतं.

थुंकावंसं वाटतंय. कुणावर थुंकू तेच कळत नाय, त्या उत्तराखाली कुणा माणसाचं नावच नाय.

माझं नाव मात्र त्यांच्याकडं गेलं असणार. म्हणून लिहितोय. जपून राहा.

विनू


बोईसर
११ एप्रिल

विनू,

तुझं नाव आलं. तुझं आडनाव, गाव पाम. मॅनेजरनं यांना केबिनमध्ये बोलावलं, कागद समोर टाकला आणि विचारलं, "रूपेश, ये तुम्हारा साला है ना?" दारात पॅकिंगच्या सगळ्या बायका उभ्या होत्या. हे घरी आले, पाणी प्यायले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मला वाटलं होतं ओरडतील.

तुझ्या तक्रारीनं काय झालं ऐकायचंय? सुधारणा झाली. मॅनेजर म्हणाला, लपायला वेळ लागतो म्हणून बाहेर बोभाटा होतो. आता रोज जेवणाच्या सुट्टीनंतर सराव असतो. भोंगा वाजला की रांगेत गोदामात, आतून ताडपत्री ओढायची, बाहेरून कुलूप. हे घड्याळ घेऊन उभे राहतात. पहिल्यांदा रेंगाळत जायचो, आता विचारही करावा लागत नाही. काल घरी शेजारच्या मुलाच्या खेळण्यातल्या गाडीचा भोंगा वाजला तर मी कढई गॅसवर ठेवून उभी राहिले. भागी मावशी म्हणते, "आता मेल्यावरपण भोंगा आयकून उठन नि गोदामात जान."

आता पुरे. यापुढे काहीही करू नकोस. पत्रही नको.

स्वाती


बोईसर
२४ मे

विनू,

फोनवर तुला एवढंच सांगता आलं की मी जिवंत आहे. यायला निघू नकोस असंही मीच सांगितलं. बाकीचं दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. आता बसून लिहिते.

सोमवारी जेवणाची सुट्टी व्हायच्या आधीच भोंगा वाजला. सरावाची ती वेळ नव्हती, म्हणजे साहेब आले असं आम्ही धरलं. हातातल्या पिशव्या टाकल्या आणि पळालो. रांग मोडली नाही की कोणी बोललं नाही. ताडपत्री ओढली, बाहेर कुलूप लागल्याचा आवाज आला. इतकं झटपट आम्ही कधीच गेलो नव्हतो. भागी मावशीनं पुरचुंडी सोडली.

भोंगा प्लांटवाल्यांनी दाबला होता. रिअॅक्टरचा पाइप फुटला होता. ते सगळे गेटकडे पळाले. हे कुलूप लावून नेहमीसारखे गेटवर साहेबांना सामोरे गेले. तिथं गाडी नव्हती. प्लांटची माणसं तोंडाला शर्ट लावून बाहेर येत होती. कोणीतरी म्हणालं, "साहब नहीं, गॅस है."

आम्हाला आत काही कळलं नाही. दाराखालून पांढरं काहीतरी येऊ लागलं. एकीला खोकला आला तर बाकीच्या तिला गप्प करत होत्या. आवाज बाहेर जाईल म्हणून! मीही तिच्या तोंडावर हात धरला, विनू. मग माझेच डोळे जळायला लागले आणि आम्ही दार बडवलं.

हे उलट धावत आले. रुमालसुद्धा नव्हता तोंडाला. चावी लागेना. दार उघडलं आणि आम्ही त्यांच्या अंगावरून बाहेर पडलो. अंगावरूनच. भागी मावशीला दमा होता, ती सर्वांत मागे ताडपत्रीजवळ बसली होती. हे तिला आणायला आत गेले. आणली, पण ती बाहेर आली तेव्हा गेलेली होती.

यांच्या छातीत ते शिरलंय. ऑक्सिजनवर आहेत, बोलताना धाप लागते. 

काल तपासणी खात्याचे मोठे साहेब चौकशीला आले. कंपनीच्या ऑफिसात, त्या प्रशस्तिपत्राखालीच बसले. मॅनेजरनं माझा जबाब आधीच टाइप करून ठेवला होता. त्यात लिहिलं होतं की कामगार महिला घाबरून गोंधळल्या आणि चुकीच्या दिशेनं पळाल्या. साहेबांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "भोंगा वाजल्यावर कुठं जायचं हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं का बाई?"

मी म्हटलं, "शिकवलं होतं ना साहेब. रोज सराव करत होतो. आम्ही बरोबर तिथंच गेलो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मॅनेजर म्हणाला, "सर, बाई शॉकमध्ये आहे." साहेब म्हणाले, उद्या या, पूर्ण सांगा.

पूर्ण सांगायचं तर कुलूप कोणी लावलं तेही सांगावं लागेल. मी दवाखान्यात जाऊन यांच्या उशाशी बसले. साहेबांनी उद्या पूर्ण सांगायला बोलावलंय, एवढंच म्हटलं. यांनीच नळी बाजूला केली आणि म्हणाले, "कुलूप माझंच होतं. सांग." 

आज सकाळी मी सांगितलं. सही केली. दुपारपासून दवाखान्यात यांच्या वॉर्डबाहेर पोलीस बसवलाय. मॅनेजर संध्याकाळी येऊन गेला, फळं घेऊन. म्हणाला, रूपेशनं स्वतःच्या मर्जीनं कुलूप लावलं असं लिहून दिलं तर कंपनी दवाखान्याचं बघेल. कागद ठेवून गेलाय. हे वाचतायत.

काय करू ते तू सांगू नकोस. फक्त वाच.

ताई


पारादीप
३० मे

रूपेशभावोजींस,

हे पत्र तुमाला हाय. पोस्टानं माझ्या मागनं पोचेल, म्हणून दिग्विजयच्या फोनवरनं फोटो काढून निमेशला धाडतोय. ताईला वाचून दाखवायला सांगा.

लग्नापासून मी तुमाला एक ओळ लिहिली नाय. गेले चार महिने रोज तुमच्या नावानं थुंकतोय. भागी मावशीला मी बघितलं नव्हतं, पण ताईच्या पत्रातनं ती मला घरच्यासारखी झाली होती. तुमी तिला कोंडलं. हे मी पुसणार नाय, तुमीपण पुसू नका.

पण तुमी चावी घेऊन उलट पळालात. बाकीचे सगळे बाहेर पळत होते तेव्हा. ते मी ध्यानात धरलंय, म्हणून लिहितोय.

इथलं आधी सांगतो. परवा ती तपासणीवाली बाई परत आली. आमच्यातल्या निम्म्या पोरांच्या आत जायच्या पासची मुदत संपलेली. मुकादम बोलला, चलो, टाकी के पीछे. पोरं गेली. ज्या बाईनं आमाला जगायची वाट दाखवली तिच्यापासनंच लपायला गेली. मला इतकी किळस आली, त्यांची नाय, माझी, कारण माझे पाय पण वळले होते. वळलेले पाय मी थांबवले आणि पहाडाखाली उघड्यावर उभा राहिलो. बाईनं पास मागितला, मी संपलेला पास दिला. तिनं विचारलं, बाकी किधर? मी टाकीकडं बोट केलं. मुकादमाला तिनं उभ्या उभ्या झाडलं, नवे पास काढायला लावले. संध्याकाळी मुकादमानं माझी पेटी खोलीबाहेर ठेवली. पोरं माझ्याशी बोलत नाय. दिग्विजय तेवढा स्टेशनापर्यंत येणार हाय.

आता मॅनेजरच्या त्या कागदाचं. त्यात लिहिलंय की कुलूप तुमच्या मर्जीनं. कुलूप तुमचं होतं, कबूल. पण माणसं लपवायची कुणाला होती, भावोजी? हजेरी कोरी ठेवायची कुणी सांगितलं? सरावाला घड्याळ कुणी दिलं? पहिल्या कंपनीच्या वॉचमनला फोन करायची सवय कुणी लावली? आणि प्रशस्तिपत्र लिहिणाऱ्या साहेबानं बंद गोदामाचं कुलूप एकदा तरी उघडायला का नाय सांगितलं? तुमी एकटे आत गेलात की ते सगळे दुसऱ्या दिवशी दुसरा रूपेश शोधतील. तो पण बायकोला सांभाळायलाच कुलूप लावेल. पॅकिंगला दुसऱ्या बायका बसतील, त्यांनापण कुणीतरी पळायला शिकवेल.

ताईनं तुमचं नाव सांगितलं तेव्हा तिचं काय झालं असेल ते तुमाला ठाऊक. तिनं सगळ्यात जड नाव सांगितलंय. तुमाला उरलेली सांगायची हायत, ती हलकी हायत.

फळं परत पाठवा. कागदावर सही करू नका. साहेबाला वॉर्डात बोलवा, धाप लागली तर थांबून थांबून सांगा, पण वॉचमनपासनं वरपर्यंत एकेक नाव घ्या. जामिनाला मी उभा राहीन, आईला मी सांगेन. मी उद्याच्या गाडीनं निघतोय. तुमच्याशी गोड बोलेन असं समजू नका. पण तुमी बोलत असाल तेव्हा खाटेपाशी मी बसलेला असेन.

विनोद